शेपटी धरून शब्द ओढा: दिलेल्या अक्षरांतून लांब इंग्रजी शब्द कसे शोधावेत

"पाचही स्वर असलेला इंग्रजी शब्द सांग" हा प्रश्न आपल्याकडे पाचवी-सहावीतल्या पोरांना कुणी ना कुणी मामा-काका विचारतोच. उत्तरही ठरलेलं असतं: एज्युकेशन. विचारणाऱ्यालाही बहुधा तेवढं एकच माहीत असतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो. माझ्या भाचीने मात्र तो संपू दिला नाही. एका पावसाळी दुपारी तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानातून नऊ चौकोन कापले, त्यांवर एज्युकेशनची नऊ अक्षरं लिहिली, ती विसकटली आणि म्हणाली, "मामा, यातून अजून दोन नऊअक्षरी शब्द होतात. पंधरा मिनिटं देते तुला."

पंधराव्या मिनिटाला माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तोही चुकीचा: कंडिशन.

चूक कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. कंडिशनला लागणारी सी, ओ, एन, डी, आय, टी ही सगळी अक्षरं टेबलावर होती. शब्द नऊ अक्षरांचाच. पण त्यात ओ, एन आणि आय दोन-दोनदा येतात आणि माझ्याकडे ती एकेकच होती. ए, ई, यू बिचारे तसेच पडून राहिले. शब्द मी कानाने शोधला होता. आपली ही जुनी खोड आहे. देवनागरीत जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून इंग्रजी शब्दही आपण आवाजानेच आठवतो. 'शन' म्हटलं की आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण इंग्रजीत तोच आवाज टी-आय-ओ-एन असे चार चौकोन खातो. लांब शब्द इथेच लपलेले असतात आणि कानाला ते सापडत नाहीत.

पुढे सगळीकडे स्पेलिंग फोनवर सांगतात तशी सुटी करून सांगितली आहे. शेजारी कागद घ्या आणि अक्षरं इंग्रजीत उतरवत चला. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी खेळ कोणता ते बघा

'या अक्षरांचा शब्द' म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि निम्मे वाद यातूनच होतात.

पहिला प्रकार मोजून दिलेल्या अक्षरांचा. एक ए मिळाला तर एकदाच वापरायचा. स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द करायचा खेळ याच जातीचा. ब्रिटनमधल्या चॅनेल फोरवर १९८२पासून चालू असलेल्या काउंटडाउन या कार्यक्रमातही नऊ अक्षरं आणि ३० सेकंद मिळतात. दुसऱ्या प्रकारात अक्षरं ठरलेली, पण कितीही वेळा वापरा. न्यूयॉर्क टाइम्सचं स्पेलिंग बी असं आहे: सात अक्षरं, मधलं अक्षर सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरी. सातही अक्षरं वापरणाऱ्या शब्दाला पॅनग्रॅम म्हणतात आणि त्याला ७ गुण जास्तीचे. तिसऱ्या प्रकारात दिलेली अक्षरं शब्दात असायलाच हवीत, बाकी हवी ती भर घाला. 'पाचही स्वर असलेला शब्द' हा प्रश्न याच प्रकारातला.

माझं कंडिशन दुसऱ्या प्रकारात बिनतक्रार चाललं असतं. भाचीपुढे हा मुद्दा मांडून पाहिला. उपयोग झाला नाही.

अक्षरं ओळीत ठेवू नका

अक्षरं एका ओळीत मांडली की डोळा ती डावीकडून उजवीकडे वाचत राहतो आणि दर वेळी तोच निरर्थक शब्द ऐकू येतो. व्यंजनं गोलात मांडा, स्वर मध्ये ठेवा. दोन-तीन मिनिटांत काही सुचलं नाही तर चौकोन पुन्हा विसकटा. कागदाचे सुटे तुकडे मोबाइलच्या पडद्यापेक्षा चांगले, कारण ते हाताने सरकवता येतात आणि सरकवता सरकवताच अर्धं काम होतं.

शेपटी

आता मुख्य युक्ती. लांब इंग्रजी शब्द बहुतेक वेळा मूळ शब्दाला शेपट्या लावून लांब झालेला असतो. म्हणून पूर्ण शब्द शोधायचाच नाही. आधी शेपटी ओळखायची, ती उचलून टेबलाच्या उजव्या कडेला ठेवायची आणि उरलेल्या अक्षरांकडे बघायचं.

त्याच नऊ अक्षरांवर करून बघू: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. टी-आय-ओ-एन उजवीकडे सरकवा. उरले ए, सी, डी, ई, यू. यांतून ई-डी-यू-सी-ए जुळतं, म्हणजे एज्युकेशन. ते तर आधीच माहीत होतं.

पण यात आणखी एक शेपटी आहे, भूतकाळाची ई-डी. सगळी अक्षरं परत गोळा करा आणि या वेळी ई-डी अगदी टोकाला ठेवा. उरली सात अक्षरं: ए, सी, आय, एन, ओ, टी, यू. त्यांतून टी-आय-ओ-एन काढून ई-डीच्या आधी ठेवा. आता हातात फक्त तीन अक्षरं आहेत, ए, सी आणि यू. तीन अक्षरं सहाच प्रकारे मांडता येतात. सी-ए-यू मांडलं की कॉशन, म्हणजे सावधगिरी, आणि शेपटीसकट कॉशन्ड. ए-यू-सी मांडलं की ऑक्शन, म्हणजे लिलाव, आणि शेपटीसकट ऑक्शन्ड. नऊच्या नऊ अक्षरं संपली आणि भाचीचे दोन्ही शब्द मिळाले. नऊ अक्षरांच्या ३,६२,८८० मांडण्या होतात. दोन शेपट्या बाजूला केल्यावर त्यातल्या सहा उरल्या.

आवाजाची गंमतही बघा. कॉशन्ड आणि एज्युकेशन कानाला एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत, पण अक्षरं तीच.

आय-एन-जी या शेपटीला एक खाच आहे. ट्रँगलची आठ अक्षरं घ्या: टी, आर, आय, ए, एन, जी, एल, ई. आय-एन-जी बाजूला काढली की ए, ई, एल, आर, टी उरतात. त्यांतून अल्टर होतं, म्हणून अल्टरिंग. अलर्ट होतं, म्हणून अलर्टिंग. नवशिक्या इथेच थांबतो. पण रिलेटिंगही यातूनच होतं, आणि ते दिसत नाही, कारण रिलेटच्या शेवटचा ई आय-एन-जी लागताना गळून पडतो. टेबलावर नुसतं आर-ई-एल-ए-टी उरतं आणि तो काही शब्द वाटत नाही. म्हणून आय-एन-जी, ए-टी-आय-ओ-एन किंवा ए-बी-एल-ई काढल्यावर उरलेल्या अक्षरांत एक अदृश्य ई धरून चाला. याच आठ अक्षरांतून ए-एल ही शेपटी काढली तर इंटिग्रलही मिळतो. ट्रँगल धरून एकूण पाच शब्द.

अडचणीची अक्षरं आधी बसवा

स्क्रॅबल तयार करणारे अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार होते. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवलं. म्हणून इंग्रजी संचात ई १२ आहेत, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर, टी सहा-सहा, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड प्रत्येकी एकच. हातातल्या सातही सोंगट्या एका फटक्यात लावल्या की ५० गुण वर मिळतात, त्यामुळे लांब शब्दाची हाव तिथे फळते.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: सोप्या अक्षरांपासून सुरुवात करू नका, ती कुठेही बसतात. अवघड अक्षराला मोजकीच घरं असतात, म्हणून आधी त्याचं घर शोधा. क्यू आला की त्याच्या शेजारी यू ठेवून दोघांना एकच अक्षर समजा. झेड असेल तर आय-झेड-ई किंवा त्याहून लांब आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन. जे बहुतेकदा जे-ई-सी-टीमध्ये बसतो (ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, प्रोजेक्शन) किंवा ए-डी-जे अशा सुरुवातीत (ॲडजस्टमेंट). व्हीसाठी आय-व्ही-ई. डब्ल्यूसाठी शेवटी डब्ल्यू-ए-आर-डी, डब्ल्यू-ओ-आर-के, डब्ल्यू-आय-एस-ई. वाय दिसला की पहिल्यांदा एल-वाय, आय-टी-वाय आणि ओ-एल-ओ-जी-वाय तपासा.

एचबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी कान त्याला हटकून चुकवतो. आपल्यासाठी एच म्हणजे 'ह'. इंग्रजीत मात्र तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पाठीवर बसलेला असतो: सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, जी-एच. पी आणि एच समोर असतील तर आपण 'प' आणि 'ह'चे शब्द धुंडाळत बसतो, आणि 'फ' हाताशी असून दिसत नाही. सी-एच तर बहुरूपी आहे. चर्चमध्ये च, केमिस्ट्रीत क, मशीनमध्ये श. म्हणून हातात एच आला की सी, एस, टी, पी, जी यांपैकी कोण हजर आहे ते बघा, जोडी लावा आणि आवाज विसरून जा. टी-यू-आर-ई म्हणजे 'चर' आणि ओ-यू-एस म्हणजे 'अस' हेही असेच कानाला फसवणारे तुकडे. एका वहीत अशी यादी करत गेलात तर महिनाभरात फरक दिसेल. माझी वही चाळीसेक तुकड्यांवर थांबली आहे आणि तेवढी पुरते.

डोकं आणि सांधा

शेपटीने काम झालं नाही तर डोकं बघा: यू-एन, आर-ई, डी-आय-एस, ओ-व्ही-ई-आर, आय-एन-टी-ई-आर, टी-आर-ए-एन-एस. डोकी आणि शेपट्या एकमेकांवर चढतात तेव्हा शब्द किती वाढतो याचा नमुना म्हणजे नेशन. सहा अक्षरं. नॅशनल आठ, नॅशनलाइज अकरा, नॅशनलायझेशन पंधरा, आणि पुढे इंटर लावलं की इंटरनॅशनलायझेशन, पूर्ण वीस. हा शब्द टंकायचा कंटाळा सॉफ्टवेअरवाल्यांनाही येतो. पहिला आय आणि शेवटचा एन यांच्यामध्ये १८ अक्षरं आहेत म्हणून ते त्याला 'आय एटीन एन' म्हणतात.

डोकं नाही, शेपटी नाही, असं झालं तर तो सामासिक शब्द असण्याची शक्यता मोठी. इथे एक हुकमी खूण आहे. एरवी शेजारी न येणारी दोन व्यंजनं चिकटून आलेली दिसली, तर बहुधा तिथे दोन शब्दांचा सांधा असतो. एच-एच कुठे येतं? हिचहायकर आणि बाथहाउसमध्ये. के-के? बुककीपरमध्ये. टी-बी फुटबॉलमध्ये, एम-एच फार्महाउसमध्ये. सलग सहा व्यंजनं मागितली तर कॅचफ्रेज आठवा: टी-सी-एच-पी-एच-आर, आणि तीही सांध्यावरच. काउंटरक्लॉकवाइज हा सोळा अक्षरांचा शब्द म्हणजे तर तीन डब्यांची गाडीच.

अक्षरं पुन्हा वापरता येतात तेव्हा

स्पेलिंग बीच्या जातीच्या कोड्यात सगळं गणित बदलतं, कारण तीच शेपटी दोनदा बांधता येते. समजा अक्षरं आहेत ए, आय, एल, एन, ओ, आर आणि मध्ये टी. टी-आय-ओ-एन तर समोरच आहे. तिच्या आधी ए लावून ए-टी-आय-ओ-एन करा, आणि मग पुढची जागा भरा: ॲनोटेशन, इंटोनेशन, इनिशिएशन, इरिटेशन, सगळे दहा-दहा अक्षरी. टिटिलेशन अकरा अक्षरी. पण यांतला एकही पॅनग्रॅम नाही. पहिल्या चारांत एल नाही, टिटिलेशनमध्ये आर नाही. मग एल कुठे बसवायचा? शेपटीच्या मागे अजून एक शेपटी जोडून, ए-एल. टी-आय-ओ-एन-ए-एल. आता आर पुढे आणा: रॅशनल, सातही अक्षरं आली. मग रोटेशनल. मग इर्रॅशनल, ज्यात आर दोनदा येतो हे स्पेलिंग घटवताना शाळेत किती वेळा चुकलो असेन.

असा लांब शब्द सापडला की आखूड शब्दांकडे नंतर वळा. लांबातून आखूड आपोआप निघतात. आखुडातून लांब काढायला दमछाक होते.

गाडीच्या पाटीवरचा सराव

तिसऱ्या प्रकाराचा सराव आम्ही प्रवासात करतो. महाराष्ट्राच्या पाटीवर एम-एच फुकट मिळतं, त्यात पुढची सिरीजची दोन अक्षरं धरायची आणि ही चारही त्याच क्रमाने येतील असा शब्द सांगायचा. मध्ये कितीही अक्षरं आली तरी चालतात. जी-वाय दिसली तर मॉर्फॉलॉजी, दहा अक्षरं, आणि मेथडॉलॉजी, अकरा. टी-सी आली तर मॅथमॅटिकल, त्याला एल-वाय जोडून मॅथमॅटिकली, चौदा. एस-एलसाठी मिस्चिव्हसली, तेरा.

इथेही शेवटापासून विचार करा. सिरीजची अक्षरं शब्दाच्या उत्तरार्धात येणार, म्हणून ती कोणत्या शेपटीत बसतात ते आधी बघायचं. जी-वाय म्हटलं की ओ-एल-ओ-जी-वाय, म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की एम आणि एच असलेलं कोणतं शास्त्र? क्यू-एक्स आली त्या दिवशी आम्ही एम-एच माफ केलं आणि क्विक्झॉटिकवर समाधान मानलं. भाचीने त्यालाही ए-एल-एल-वाय लावून बारा अक्षरं केली.

संगणकाला कामाला लावायचं असेल तर

खेळताना नाही, पण नंतर आपलं काय सुटलं हे बघायला संगणक उत्तम. इंग्रजी शब्दांच्या नुसत्या याद्या मोफत मिळतात. शब्दखेळांसाठी बनवलेली एनेबल ही यादी सुमारे १ लाख ७३ हजार शब्दांची आहे आणि ती कुणालाही वापरता येते. ती एक्सेलच्या पहिल्या स्तंभात ओता, शेजारी लांबी काढा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावा.

क्रमाने येणारी अक्षरं शोधायला फिल्टरमध्ये तारा (*) वापरायचा. तारा म्हणजे 'इथे काहीही, कितीही', आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे नेमकं एक अक्षर'. तारा एम तारा एच तारा जी तारा वाय तारा असं टाकलं की पाटीची उत्तरं रांगेत येतात. वनलुक या संकेतस्थळाच्या शोधपेटीतही हीच दोन चिन्हं चालतात.

क्रम महत्त्वाचा नसेल तर तारा असा थेट चालत नाही, पण त्यावर सोपी तोड आहे. आणखी एक स्तंभ करा आणि त्यात प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावा. नव्या एक्सेलमध्ये मिड आणि सीक्वेन्सने अक्षरं सुटी होतात, सॉर्टने लागतात आणि कॉन्कॅटने जोडली जातात. स्क्रॅबलवाले अशा लावलेल्या रूपाला अल्फाग्रॅम म्हणतात. एज्युकेशन, ऑक्शन्ड आणि कॉशन्ड या तिघांचा अल्फाग्रॅम एकच. म्हणजे पहिल्या प्रकारात सगळी अक्षरं वापरायची असतील, तर नेमका तोच अल्फाग्रॅम असलेले शब्द शोधले की झालं. आणि तिसऱ्या प्रकारात हवी असलेली अक्षरं वर्णक्रमाने लिहून मध्ये तारे टाकून याच स्तंभात शोधली की क्रमाची अट आपोआप गळते. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर दोनदा लिहा, तेही जमतं.

दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे 'फक्त हीच अक्षरं, कितीही वेळा' याला, गूगल शीट्समधलं रेजेक्समॅच हे सूत्र बरं पडतं: सुरुवातीला टोपीचं चिन्ह (^), चौकटी कंसात अक्षरं, मग अधिकचं चिन्ह आणि शेवटी डॉलर. यादीतले शब्द लहान लिपीत असतील तर कंसातली अक्षरंही लहान लिपीतच हवीत. मी ती मोठ्या लिपीत टाकून एक अख्खी संध्याकाळ शून्य उत्तरांकडे बघत बसलो होतो.

शब्द जाहीर करण्याआधी

प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून एकेक चौकोन उलटा करा. कंडिशनसारखी फजिती तिथेच कळते. दुहेरी अक्षरांवर विशेष नजर ठेवा. मग कोश कोणता ते ठरवा. आपण ब्रिटिश वळणाने शिकलो, त्यामुळे कलरमध्ये यू घालतो आणि ट्रॅव्हलिंगला दोन एल देतो. अमेरिकन कोड्यात कलरला यू नसतो आणि ट्रॅव्हलिंगला एकच एल पुरतो. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर नऊचा शब्द दहाचा होतो, तेव्हा हे डाव सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं बरं. आणि फुप्फुसाच्या आजाराचा तो ४५ अक्षरी शब्द कुणी फेकला तर खुशाल नामंजूर करा. तो सर्वांत लांब शब्द व्हावा म्हणूनच बनवला होता.

गेल्या सुट्टीत भाचीने नवी अट घातली: पाचही स्वर हवेत, पण उलट्या क्रमाने, यू, ओ, आय, ई, ए, आणि प्रत्येक एकदाच. मी एक्सेल उघडलं, पाच स्वरांमध्ये तारे टाकले आणि आलेल्या रांगेतला पहिला ओळखीचा शब्द टेबलावर आपटला: सबकाँटिनेंटल, चौदा अक्षरं. तिने संगणकाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने चौकोनांची रांग लावली. डावीकडे यू-एन, उजवीकडे ए-आर-वाय, आणि मध्ये कॉम्प्लिमेंट. अनकॉम्प्लिमेंटरी. मी बोट ठेवत मोजले. पंधरा.